गंजीआडचा दगड

संध्याकाळची प्रार्थना आटोपून ओदिल गावच्या सभागृहापुढच्या रांगेत येऊन उभी राहिली. शाळेत सगळ्यांनी वाचलेल्या जुन्या कथेवरचा, त्यांच्याच गावात काढलेला चित्रपट. आज त्याचा शेवटचा खेळ. तिच्या मागे म्हाताऱ्या क्लेमांसकाकू आणि त्यांची शेजारीण जर्मेन बोलत होत्या.

"काकू, काल पाहिलात ना? आज पुन्हा कशाला?"

"काल डोळेच भरून आले. धड दिसलं नाही."

"आणि उन्हाळ्यात पॅरिसच्या चित्रपटवाल्यांनी चौकातला दगड गवताच्या गंजीआड झाकला, तेव्हा काठी घेऊन धावला होतात त्यांच्यावर!"

"धावणारच! लढाईत गेलेल्या पोरांची नावं आहेत त्यावर. माझ्या लेकाचं, आंसेल्मचं नाव गवतात कोंबायचं म्हणजे काय?"

"पण गोष्ट त्या लढाईच्या आधीची ना, काकू. तेव्हा दगड कुठून असणार?"

"तेच तर काल दिसलं गं. घोडागाडी आली, बाया दुधाच्या घागरी घेऊन निघाल्या, आणि चौक मोकळा! माझ्या लहानपणी होता तस्सा. गावातलं एकही पोर अजून गेलेलं नाही. असं कधी पाहायला मिळेल वाटलं होतं का?"

ओदिलने हळूच क्रूसाची खूण केली.

तिची पाळी आली तसा दारावरचा माणूस म्हणाला, "एकच जागा उरली आहे."

ओदिल बाजूला झाली. "काकू, तुम्ही जा."

"आणि तू, पोरी?"

"मी चौकातून घरी जाईन."

"मग आंसेल्मपाशी जरा थांबशील? मी आत असेपर्यंत त्याच्याजवळ कोणी नाही."