थोरलीचं कॉलेज आणि माझं ठाम मत

...नाही, मला एक सांगा, बापाने करायचं तरी काय? जबरदस्ती केली तर जुन्या वळणाचा, गप्प बसला तर बेफिकीर, आणि 'तुला हवं ते कर गं बाई' म्हटलं तर... तर डोळ्यांत पाणी! 'म्हणजे तुम्हाला माझं काहीच पडलेलं नाही?' आमची थोरली हो! शाळा संपली, दोन-दोन कॉलेजांनी 'या' म्हटलं, आणि तेव्हापासून ही माझ्या मागे. मी तोंड धुतोय, ही दारात उभी. 'बाबा, तुम्हीच सांगा!'

अहो, मी काय सांगू? मी कवळ्या बनवणारा माणूस! दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, मी मागच्या खोलीत बसून दात बसवतो, घासतो, परत पाठवतो. त्यात एक कॉलेज आपलं नेहमीचं, रसायनशास्त्राचं. आणि दुसरं ते... आंतर... आंतरविद्या... थांबा हं... आंतरविद्याशाखीय! बघा, जन्म गेला लोकांच्या जबड्यांत, पण हा शब्द माझ्याच जबड्यात बसत नाही!

म्हटलं, चल, बघून तरी येऊ. पहिल्या कॉलेजात विभागप्रमुख बाई. पांढरा कोट, कडक आवाज. 'पहिल्या वर्षी हे, दुसऱ्या वर्षी ते, शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती. काही प्रश्न?' प्रश्न कसला! बाटल्या ओळीत, बाटल्यांवर नावं, सगळं जागच्या जागी... मला तर वाटलं, आपणच प्रवेश घेऊन टाकावा! थोरली म्हणाली, 'छान आहे.' आता कवळी लावून आरशात बघणारा म्हातारा म्हणतो ना 'छान आहे' आणि घरी जाऊन ती पेल्यात बुडवून ठेवतो, तसलं ते छान आहे!

दुसरीकडे गेलो. विचारलं, प्राध्यापक कुठायत? तर जमिनीवर पोरांच्या घोळक्यात बसलेला दाढीवाला, तोच! विषय काय? नदी! एक पोरगा नदीचं पाणी तपासतोय, एक पोरगी नदीवरची गाणी गोळा करतेय, तिसरा काठावरल्या गावांची भांडणं लिहून काढतोय... मी म्हटलं, 'सर, इथून मूल बाहेर पडतं ते काय होऊन?' तर तो खूश! 'अहो, तेच तर शोधायचंय!' मी डॉक्टरांच्या हातात कवळी देऊन म्हटलं, वरची का खालची ते तुम्हीच शोधा, तर चालेल का हो? वळून बघतो तर थोरली गायब! त्या पोरांत मांडी घालून बसलीय, 'पण पाणी आधी गढूळ झालं की भांडण आधी झालं?' म्हणून हातवारे करकरून वाद घालतेय. निघायचं नाव नाही. म्हटलं, सुटलो, ठरलं! तर परतीच्या बसमध्ये तोंड एवढंसं. 'पण नोकरीच नाही लागली तर? बाबा, तुम्हीच सांगा!'

घरी बायको. 'बाप आहात ना, एकदा ठामपणे सांगून टाका!' म्हटलं, तू आई आहेस, तू सांग. तर म्हणते, 'मी सांगितलं तर ती खरंच ऐकेल. एवढी जोखीम मी नाही घेणार!'

शेवटी मुदतीचा दिवस आला. पोरगी जेवेना, बोलेना, नुसती खिडकीशी. मला बघवेना. आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती हो. उद्या तिचं कुठे अडलं तर आपण किती दिवस पुरणार? डोळे मिटले आणि म्हटलं, 'रसायनशास्त्र घे.'

ती ताडकन उठली. मग अशी गळ्यात पडली, 'थँक्यू बाबा!' आणि पळाली आत. मला म्हणाल तर... छाती ही एवढी! आयुष्यात पहिल्यांदा या घरात माझा शब्द चालला! थोड्या वेळाने बाहेर आली. 'घेतला प्रवेश, फोनवरूनच!'

'रसायनशास्त्राला?'

'छे हो! दुसरीकडे! तुम्ही रसायनशास्त्र म्हणालात आणि मला ती नदीच आठवली ना... तेव्हाच कळलं, मला ते नकोच आहे! तुम्ही होतात म्हणून, बाबा!'

आणि हसत होती हो... कितीतरी दिवसांनी, खळखळून. आता यावर चिडायचं तरी कसं?

बायको म्हणाली, 'बघा, ठाम बोललं की काम होतं. पुढच्या वर्षी धाकटीलाही तुम्हीच सांगा. फक्त तिला काय हवंय ते आधी मला विचारा, म्हणजे बरोब्बर उलटं सांगता येईल.'

...मी म्हटलं, बरं.