बाबाकोतो गाईपर्यंत

— श्श! नाही, नाही, तुम्ही बोलू नका पाहुणे. माणसाचा आवाज कानावर पडला की बाबाकोतो, म्हणजे तुमच्या पुस्तकातला तो माकडासारखा लेमूर, गात नाही, तो जातो वर शेंड्याला पानं खात, आणि आपण बसतो खाली जळवांना रक्त पाजत — मी बोलतो ते वेगळं, माझा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. ह्या ओढ्याच्या काठानं मी इतकी वर्षं पाहुण्यांना फिरवतोय, की त्याच्या लेखी मी एक झाड. वाऱ्यानं झाड कुरकुरतं तसा बूतू कुरकुरतो, एवढंच त्याला वाटत असणार. बूतू म्हणजे मी. बूतू म्हणजे आमच्या बोलीत पोरगा — दात गेले, गुडघे गेले, नातवाला मिशा फुटल्या, तरी गाव मला पोरगाच म्हणतं, कारण म्हातारपणाला शोभेल असं माझ्या अंगात काही नाही असं आमचे मास्तर म्हणतात. कोण मास्तर? रात्सिंबा मास्तर हो, ते काय — तिकडे खाली वळणावर, दगडावर काळी छत्री उघडून बसलेत, मांडीवर केळीच्या पानाचं गाठोडं, वर माश्या — अहो अहो, बोट नका दाखवू! वाकवा, सांध्यातून वाकवा, असं. त्यांच्या मागे टेकाडावर थडगी आहेत, पूर्वजांच्या थडग्याकडे सरळ बोट केलं की बोट झडतं. ही फादी खरी आहे हं.

आँ? ‘ही खरी’ म्हणजे काय, म्हणता — बाकीच्या खोट्या की काय? छे छे छे! पूर्वजांनी घातलेली मनाई ती, तिच्यात खरं-खोटं कुठून आलं? मोठ्या झाडाच्या पुढे बिस्किटं नेऊ नयेत, ती झाडाखालीच संपवावीत, वाटाड्याला अर्धी देऊन — ही जुनी फादी आहे. फार जुनी. मागच्या कापणीपासूनची. तुम्ही केवढ्या भक्तीनं पुडा माझ्या हातावर ठेवलात काल! चांगली होती, त्यातली मधली मलई विशेष. आणि तुमची भाषा किती गोड हो, आमचीच, पण कुठल्या पाद्र्याच्या पोथीतून शिकलात? सकाळी म्हणालात, ‘हे वंदनीय वृद्धा, तो प्राणी केव्हा गाईल बरे?’ — मी मागे वळून बघितलं, म्हटलं वंदनीय कोण आला! इतके वझाहा, परदेशी पाहुणे, आले, पांढरे, लाल, उन्हानं सोललेले, पण आमच्या भाषेत बोलणारा तुम्हीच पहिला. म्हणून तर बोलतोय तुमच्याशी मघापासून. दुसरं काही कारण नाही.

खॉक्! खॉक्-खॉक्! — माफ करा, खोकला. सकाळचा येतो. तिकडे फांदी हलली की जरा जास्तच येतो.

तुमची बाकीची मंडळी धबधब्यावर गेली, तुम्ही मात्र हटून बसलात — उद्या परत जायचं, आज बाबाकोतो ऐकल्याशिवाय हलणार नाही. बरोबर आहे, समुद्र ओलांडून यायचं, चिखल तुडवायचा, सरडे बघायचे, बेडूक बघायचे, आणि ज्याच्यासाठी आलो त्या थोरल्या काकानंच — बाबाकोतोला आम्ही काकाच मानतो — तोंड उघडायचं नाही म्हणजे काय! मला समजतं ना दुःख. पण गाईल हो. दुपारी गाईल. काय? पुस्तकात लिहिलंय की तो सकाळीच गातो, सूर्य माथ्यावर आला की गप्प? असेल, पुस्तकात पुष्कळ असतं. मी शाळेत बेरजेपर्यंत गेलो, वजाबाकी सुरू व्हायच्या आत बापानं बैलांमागे धाडलं, त्यामुळे मला घ्यायचं तेवढं कळतं, द्यायचं कळत नाही — हे पण मास्तरच म्हणतात, चारचौघांत, आणि सगळे हसतात, आणि मीही हसतो, विनोद चांगला आहे, फक्त तो माझाच आहे. मी सांगितला होता त्यांना.

मास्तर कशाला बसलेत? वा, म्हणजे तुमचे डोळे आहेत तर! तेही बाबाकोतोचीच वाट बघतायत. ओढा ओलांडायचाय त्यांना. आणि बाबाकोतो गाईपर्यंत हा ओढा कोणी ओलांडत नाही — फादी. मोठी फादी आहे ही, गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाण्यात पाय घालणार नाही. मागे एकजण गेला होता आगाऊपणानं, मधल्या शेवाळ्यावर घसरला, तंगडी मोडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला — पण मोडली, झालं, शिक्कामोर्तब! आणि ती फादी पोरांकडून शाळेत घोकून कोणी घेतली? रात्सिंबा मास्तरांनी. मुलांनो, ओढा केव्हा ओलांडावा? — बाबाकोतो गायल्यावर, गुरुजी! आता बसा म्हणावं दगडावर, फुटू द्या बुडाला कोंभ.

असे काय बघताय? हसलो मी? तोंडात दात नसले की माणूस हसल्यासारखाच दिसतो.

बरं बाबा, नका वटारू डोळे. सांगतो. पण पाद्र्याच्या भाषेत कुठे बोलू नका हे. तर — काही वर्षांपूर्वी एक टोळी आली होती चालणाऱ्यांची. काय चालत होती! पायांना चाकं, हातात दोन-दोन काठ्या, बघायचं काही नाही, नुसतं टकाटक-टकाटक, जसा मागे कर वसूल करणारा लागलाय. माझे गुडघे म्हणाले, बूतू, आता आम्ही येत नाही, तू एकटा हो पुढे. तेव्हा ह्याच काठावर मी हात वर केला, आवाज खोल काढला, म्हटलं — थांबा! बाबाकोतो गाईपर्यंत पलीकडे जाणं फादी आहे. आणि काय सांगू, सगळे हरखले! टोप्या काढून बसले हो, लहान बाळासारखे. मी पलीकडे — म्हणजे अलीकडेच — आडवा झालो, करपल्या भाताचं पाणी उकळलं, निवांत प्यालो. त्यांनी संध्याकाळी गावात विचारलं, केवढी सुंदर प्रथा! तर सरपंच थोडाच म्हणेल मला ठाऊक नाही? म्हणाला, ‘हो तर, माझे आजोबा पाळायचे.’ त्याचा आजोबा ह्या गावचाही नव्हता! झालं, सगळ्यांना आठवायला लागलं. एका म्हातारीनं तर मलाच दटावलं, ‘बूतू, तुझ्या वाडवडिलांची फादी, तूच नीट पाळत नाहीस.’ मी मान खाली घालून म्हटलं, ‘चुकलो, काकू.’

खॉक्! हट्! काही नाही, डास. टाळी वाजवल्याशिवाय मरत नाहीत इथले डास.

हो हो, मुद्द्यावर येतो. गाठोड्यात काय आहे, विचारा ना. मेंढ्याचा मागचा भाग आहे. शेपटीसकट, ढुंगण, स्पष्ट सांगायचं तर. बाईला मागणी घालायला जाताना तोच न्यायचा असतो आमच्यात. तुमच्यात अंगठी नेतात — अंगठी शिजते का? तर मास्तर मागणी घालायला चाललेत, पलीकडे, सुआझाराकडे. परवा जिच्या हातचा भात खाऊन तुम्ही आणखी मागितलात, ती. नवऱ्याला जाऊन झाली वर्षं, एकटीनं चालवते खानावळ, जंगलातून येईल त्याला जेवू घालते. बरोबर मागणी घालायला बोलका माणूस न्यायचा असतो, पण मास्तर एकटेच — दुसऱ्याला बोलू देतील तर ना! त्यांचं भाषण ऐकलंय तुम्ही? आमच्यात आधी माफी मागतात, थोरांनो, मी बोलतोय हे चुकतंय, वगैरे. मास्तरांची नुसती माफी व्हायला चूल विझते. पण ज्योतिष्यानं बजावून सांगितलंय, सूर्य माथ्यावर यायच्या आत तोंड उघडा, नंतर दिवस फिरतो, आणि पुढचा चांगला दिवस थेट कापणीनंतर.

तर असं आहे. बाबाकोतो आज माथ्यावर ऊन येईपर्यंत गायला नाही तर मास्तर ते गाठोडं घेऊन घरी जातील आणि एकटेच खातील. एवढंच. माझा काय संबंध?

— अहो, ओरडू नका! नाही नाही, ओरडा, ओरडा, चालेल. जोरात ओरडा. मी मुद्दाम बोलतोय? तुम्हाला गप्प बसवून मी मुद्दाम — पाहुणे, म्हाताऱ्या माणसावर संशय? माझी चूक एवढीच की मला बोलण्याची सवय. बरं, मुद्दाम. सकाळपासून मुद्दाम. जळवेला विचारा हवं तर, तीही कंटाळलीय. तुमचं गाणं बुडतंय, मला दिसतंय, वाईट वाटतंय — पण तुम्ही काय, गाणं ऐकून घरी जाणार, आणि मला इथेच राहायचंय. मास्तरांनी तिला नेली तर ती खानावळ बंद करणार, मास्तरीणबाई म्हणून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार, आणि तिथे हसायला मनाई आहे. ही फादी मी केलेली नाही.

कशी हसते ठाऊक आहे? तोंडावर हात न ठेवता. पातेलंबितेलं हातात असेल तर खाली ठेवते आधी, मग हसते, शिस्तीत. मी रोज पाहुणे घेऊन पलीकडे जातो ते काय सरडे दाखवायला? सरडे अलीकडेही आहेत. मला म्हणते, ‘बूतू, तुझ्या गमती बाबाकोतोसारख्या, त्यांना शेपूटच नसतं. सुरू होतात छान, मग कुठे संपतात कळत नाही.’ एकदा ठरवून गेलो होतो मी. मेंढा परवडतो कुठे, कोंबडी नेली काखेत. दारात उभा राहिलो. ती म्हणाली, ‘काय रे?’ मी म्हटलं, ‘तुझी कोंबडी हरवलीय का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ मी म्हटलं, ‘मग ही कोणाची?’ आणि ठेवून आलो तिथेच! हसा, हसा. हात दाखवून अवलक्षण. ती कोंबडी अजून आहे, तिचं नाव तिनं बूतू ठेवलंय. अंगणात हाका मारते — ‘बूतू, ये खा! बूतू, घाण केलीस!’ — मी ओढ्याअलीकडे असलो तरी मान वर होते माझी.

आणि आता हा मास्तर. त्यानं निरोप धाडला, गुरुवारी येतो म्हणून, तर तिनं मलाच विचारलं. तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘गुरुवारी मास्तर यायचेत. तू काय करणारेस गुरुवारी?’ मी म्हटलं, ‘मी काय, पाहुण्याला बाबाकोतो दाखवणार.’ ती म्हणाली, ‘बरं.’

एवढंच. ‘बरं.’ आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली — खडे नव्हते हो त्यात. मी बघत होतो ना. एकही खडा नव्हता.

काय म्हणालात?

ती मला का विचारत होती?

. . . . .

— ऐकलंत? ऐकलंत?! आई गं, गायला! मी जरा गप्प काय बसलो, लगेच! नालायक, घरातलाच फितूर — आणि हे दुसरं, ती त्याची बायको, आता पोरं, आता पलीकडच्या डोंगरावरचे उत्तर देणार, अख्खं जंगल उठवलं! रडताय काय पाहुणे? रडा, सगळेच रडतात, मलाही — अहो पण ते बघा, मास्तर उठले! छत्री मिटली! गाठोडं डोक्यावर! त्यांचे गुडघे शाबूत आहेत हो, सकाळी व्यायाम करतात, पोचतील माझ्या आधी — थांबा, थांबा — मास्तर! ओ मास्तर! असे कुठे निघालात सरळ? फादी आहे! ढुंगण घेऊन जाणाऱ्यानं ढुंगण पुढे करून जायचं! हो, पाण्यात! उलटं! नाही ठाऊक तुम्हाला? एवढे शिकलेले तुम्ही! — तुमच्या आजोबांना ठाऊक होतं!

थांबले. विचार करतायत.

वळले! वळले पाहुणे! मास्तर पाठमोरे ओढ्यात! अहो हात द्या, उठवा मला, काठी कुठेय — राहू द्या काठी. नाही, तुम्ही नका येऊ, तुम्ही बसा इथे, तुमचं गाणं ऐका, एवढ्या लांबून आलात. हातात काही नाही माझ्या, कोंबडीही नाही. काय सांगू तिला? नाही नाही, ‘हे वंदनीय स्त्रिये’ नको, ती पातेलं खाली ठेवेल! काहीतरी शेपूट असलेलं पाहिजे — पाणी केवढं गार आहे — अहो, गप्प बसा हो तुम्ही जरा! केव्हाचे बोलताय! मला विचार करू द्या.