ग्रीन झोनमधलं स्थळ

हल्ली आमच्या नांदे गावात सोयरीक जमवताना पत्रिकेच्या आधी जमिनीचा झोन विचारतात. आमचं रान ग्रीन झोनमध्ये, म्हणजे तिथं बिल्डर फिरकणार नाही. एवढं ऐकूनच धाकट्या भावाची दोन स्थळं परत गेलेली. परवा माणहून मुलीकडचे घर बघायला आले. आईनं बजावलं, जमिनीचा विषय निघाला की पोहे वाढा. पण मुलीचा बाप स्वतःच पोहे मागून घेत होता.

शेवटी आमच्या वडलांना राहवेना. म्हणाले, "पाव्हणं, आमचं रान ग्रीनमधी हाय. भातच पिकायचा तितं."

मुलीच्या बापानं ताटली खाली ठेवली. म्हटलं, हेही उठले.

"आमचंबी ग्रीनमधीच हाय," तो म्हणाला. "त्यो विषय निघू नये म्हनून तर मगाधरनं पोहे खातुया. आता पोराला तरी बोलवा."