खोडलेल्या ओळी

(शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. तो जाऊन नऊ दिवस झालेत. त्याचा मुलगा आणि त्याचे मित्र, निवृत्त मास्तर.)

मुलगा : आलो नाही म्हणता, पण बाबांनी मला बोलावलं कुठे? तुमच्याच त्या यंत्रदुरुस्तीच्या साइटवर कुणीतरी त्यांना विचारलं होतं, ‘मुलगा दिसत नाही हल्ली?’ बाबांचं उत्तर, ‘मुलगा आता दुकानात नसतो.’ बस्स. एका ओळीत मोकळे झाले.

मास्तर : एक ओळ नव्हती ती.

मुलगा : शंभरदा वाचलीय मी.

मास्तर : तू वाचलीस ती मी ठेवलेली. आमच्याकडे कुणाचीही कॉमेंट कुणालाही दुरुस्त करता येते. नियमच तसा केला आम्ही. एखाद्याने मोटारीची वायर चुकीची सांगितली, तर वाचणाऱ्याला शॉक बसायचा.

मुलगा : बाबांना चालायचं हे?

मास्तर : आवडायचं. म्हणायचा, ‘मास्तर, बॉबिन माझी, वेलांटी तुमची.’ रोज सकाळी चहा घेता घेता मी त्याचं लिहिलेलं नीट करायचो. यंत्राशी संबंध नसलेलं काढून टाकायचो. लोक उपाय शोधायला येतात, घरच्या गोष्टी वाचायला नाही, असं मला वाटायचं.

मुलगा : काय काढलंत?

मास्तर : मूळ प्रत फक्त आम्हा संपादकांना दिसते. उतरवून आणलीय. जशीच्या तशी. वाचू?

मुलगा : द्या इकडे. ‘मुलगा आता दुकानात नसतो. चुक माझी. गीऱ्हाइकांसमोर त्याच्यावर हात ऊचलला. हे तो वाचतो आस आईकलं. तो आला तर मी काहि वीचारनार नाही. त्याचं स्टुल तीथच आहे.’

मास्तर : बाळा...

मुलगा : कधीचं आहे?

मास्तर : पावणेदोन वर्षं झाली.

मुलगा : मी दोन स्टॉप पलीकडे राहतो, मास्तर. चालत आलो असतो.

मास्तर : माझ्या मनातही आलं नाही रे. विषय सोडून आहे म्हटलं आणि खोडलं.

मुलगा : त्यांनी विचारलं नाही, बाकीचं कुठे गेलं म्हणून?

मास्तर : तो स्वतःचं लिहिलेलं परत कधी उघडायचा नाही. एकदाच विचारलं होतं, ‘आपण लिहितो ते सगळ्यांना दिसतं ना?’ मी म्हटलं, दिसतं की, जगभर दिसतं.

मुलगा : म्हणजे मी वाचलं आणि तरी आलो नाही, असं समजून गेले ते.

मास्तर : ...हो.

मुलगा : तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात तर मला तुमच्यावर चिडताही येणार नाही.

मास्तर : चीड. मला बरं वाटेल. नियम बदलून घेतलाय मी. दुसऱ्याचं चुकलं तर खाली आपलं वेगळं लिहायचं, त्याच्या शब्दांना हात लावायचा नाही. आणि तुझी हरकत नसेल, तर हे होतं तसं परत लावतो.

मुलगा : लावा. खाली उत्तर देता येतं?

मास्तर : येतं. सांग, काय लिहू?

मुलगा : लिहा, ‘बाबा, आज वाचलं.’