मास्तरांच्या मापाची सूट

(दुपार कललेली. शिलाईच्या दुकानात मास्तर आणि त्यांची बायको. दोघांचाही रोजा.)

बायको : वाकडी नाही कशी? ही बाही बघा आणि ती बघा. चांगली बोटभर आखूड आहे.

मास्तर : कात्रीला धार राहिली नाही.

बायको : नाचता येईना अंगण वाकडं. परवाच तर धार लावून आणलीत. हात पुढे करा बघू.

मास्तर : कशाला?

बायको : करा म्हणते ना. थरथरतोय. डोक्यावर पंखा चालू, तरी मान घामानं चिंब.

मास्तर : रमजानात होतं थोडंफार. तुला नाही होत?

बायको : नाही. मला रोजा मानवतो. पोट हलकं राहतं, छातीतली जळजळसुद्धा थांबते. पण मला मधुमेह नाही. रोज्यांसाठी गोळ्या बदलून आणल्यात ना डॉक्टरीणबाईंकडून?

मास्तर : कपडे घेऊन लोक डोक्यावर बसलेत, वेळ कुठला? आणि बदलायचं काय त्यात? सकाळची एक, संध्याकाळची एक. संध्याकाळी रोजा सोडायच्या गडबडीत विसरायला होतं, म्हणून दोन्ही पहाटे सहरीचं खातानाच उरकतो.

बायको : दोन्ही? आणि वर दिवसभर उपाशी? अहो, ती गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसलं की ती तुम्हालाच ओढणार.

मास्तर : काही होत नाही मला.

बायको : साखर मोजायचं मशीन आणलंय. बोट द्या.

मास्तर : नको. रक्त निघालं की रोजा गेला.

बायको : नाही जात. सकाळीच मौलवीसाहेबांना विचारून आले. आणि काय हो, रमजानात कितीदा सुई टोचून घेतलीत बोटाला, तेव्हा नाही गेला?

मास्तर : तो सुईचा दोष.

बायको : ही पण सुईच आहे. द्या.

मास्तर : हं. किती आली?

बायको : बावन्न.

मास्तर : मग कमी झाली की. साखर कमी करा म्हणून तर त्या बाई मागे लागल्या होत्या.

बायको : अडीचशे होती तेव्हा. सत्तरच्या खाली आली तर घड्याळ न बघता रोजा सोडायचा, असं बजावलंय त्यांनी मला. तुम्ही तेव्हा बाहेर चपला शोधत होतात. हे साखरेचं पाणी घ्या.

मास्तर : दीड तास राहिलाय फक्त.

बायको : त्या दीड तासात काय होईल, ते मला बघायचं नाही.

मास्तर : कळायला लागल्यापासून एक रोजा चुकवला नाही मी. अब्बांना माती दिली, त्या दिवशीसुद्धा होता.

बायको : ठाऊक आहे मला. पण आजारी माणसाला सूट आहे. राहिलेला रोजा पुढे धरता येतो. नाहीच झेपला, तर एका गरिबाला पोटभर जेवू घालायचं.

मास्तर : ती सूट दुसऱ्यांना.

बायको : जन्मभर दुसऱ्यांचेच सूट शिवलेत. ही एक तुमच्या मापाची आहे, थेट वरून आलेली, तर म्हणे दुसऱ्यांना.

मास्तर : हसवू नकोस. गरगरतंय मला.

बायको : हसवत नाहीये. घाबरलेय मी. तुम्ही इथे कोसळलात तर मला एकटीला उचलवणार नाही. अल्लानं दिलेली सवलत परत करायची, हा रोजा नाही, हा हट्ट झाला.

मास्तर : बरं. दे इकडे.

बायको : सावकाश. धरते मी पेला.

मास्तर : बिस्मिल्ला. फार गोड केलंस.

बायको : गोडच हवंय. सगळं संपवा. पाव तासानं परत बोट टोचणार. तोवर दवाखान्यात फोन लावते, दोन गोळ्यांचं सांगायला हवं. साखर पुन्हा उतरायची.

मास्तर : ऐक ना.

बायको : बोला.

मास्तर : अजान झाली की रोजा सोडायला मी आत घरात येणार नाही. इथेच बसेन. तुम्ही सगळे रोजेदार, मी कुठल्या तोंडानं बसू तुमच्यात?

बायको : चाळीस वर्षं झाली, तुमच्या हातचा खजूर खाऊनच रोजा सोडलाय मी. तुम्ही आला नाहीत, तर माझा कसा सुटायचा?