फागीचं मिठातलं भात

हॅलो? हो, जव्हारची शाळा… मीच, शास्त्राच्या बाई… कोण, बाळी? मोखाड्याहून ट्रंककॉल? आई बरी आहे ना?… मग रडतेस कशाला? ग्रामसेविका झालीस ना तू?… बरं, रड. पण बोल लवकर, तीन मिनिटांत तोडतात.

कुणाचं भाताचं बियाणं बिघडलं?… फागी नावाच्या शेतकरणीचं. नव्या जपानी पद्धतीनं. मिठाच्या पाण्यात घातलं, पोचट वर आलं, ते काढलं… अंडं तरंगेल एवढं मीठ? बरोबर. मग लगेच धुतलं ना?… दोन रात्री तसंच? का?

अगं हो… पेरायच्या आधी भात रातभर भिजवतातच आपल्याकडे. तिनं जुनी रीत नि नवी एकाच हंड्यात केली. धुवायचं तू सांगितलं होतंस?… नाही?

तीन दिवस गोणपाटात, नि मोड नाही?… घरात दुसरा दाणाही नाही?… ऐक, ऐक ना. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच. दाण्यात बारीक पेशी, प्रत्येकीला पातळ पडदा. त्यातून पाणी जातं-येतं, मीठ सहज जात नाही. पाणी ओढलं जातं ते मीठ जास्त तिकडं. बाहेरच मीठ, मग पाणी आत कसं शिरेल? दाणा ओला दिसतो, पण तहानलेला… हो, गोड्या पाण्यात धुतलं की आत ओढेल. जिवंत असेल तर… खात्री? खात्री कशी देऊ गं?

मागे कोण बोलतंय?… फागी? तिथंच आहे? काय म्हणते?… हिरी कोण, सासू? कोंबड्यांना खारट नको म्हणून मूठभर धुतलं… फडक्यात निथळत ठेवलं नि विसरली… ते आणलंय? मग सोड गाठ! सोड!… पांढरं काय? मोड? नीट बघ… दहातले किती?… सात? बाळी, सात?

मग एवढा वेळ फागी गप्प का?… तू विचारलंस का तिला?

बरं, आजच धुवा सगळं. चाखून बघा, खारट लागायचं थांबेपर्यंत. आणि चूक तुझी होती, हे तिला सांग. आत्ता. मला ऐकू येऊ दे… मोठ्यानं… हं. दे फोन तिला.

फागी? जवळ धर, त्यात बोल… हो, बाळी अर्धंच सांगते, लहानपणापासून. विहीर लांब आहे?… किती हंडे लागतील?… बारा? मग बाराही तिच्या डोक्यावर दे… अगं, माझी बहीण आहे म्हणूनच सांगते. हसू नको, दे… हॅलो?… हॅलो?