नवरा खाणारे गाल

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणूस ओळखावा कशावरून? — तोंडावरून? हां, लगेच माना हलल्या! मग मला सांगा, मागच्या कीर्तनात देवळाबाहेरून ज्यानं तुमची चप्पल नेली, त्याचं तोंड कसं होतं? तुमच्या-माझ्यासारखंच होतं! — अहो, शेजारच्याकडे बघू नका, चप्पल गेली ती गेली!

तर ऐका. आख्यान आहे चीन देशातलं. हो, चीन! देवाला काय पासपोर्ट लागतो? तिथं नदीकाठी एक गाव, आणि त्या गावात फांग नावाचा एक गृहस्थ. धंदा काय? तर तोंड बघून माणूस सांगायचा! त्यांच्याकडे याचं जुनं शास्त्र आहे. कान म्हणजे बालपण, कपाळ म्हणजे तारुण्य, हनुवटी म्हणजे म्हातारपण, आणि नाक म्हणजे पैसा! नाकपुड्या समोरून दिसल्या, की पैसा टिकायचा नाही. — बघा, आमचे तबलजी नाक चाचपायला लागले! वाजवा हो तुम्ही, तुमचा पैसा कशामुळे टिकत नाही ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे!

आणि बायकांसाठी त्यात एक खास कलम. गालाची हाडं उंच असली, की ती बाई नवरा खाणार! आपल्याकडे पाय पांढरे, तिकडे गाल उंच. देश कुठलाही असू दे — नवरा मेला की खोट बायकोच्या अंगात! त्यानं आयुष्यभर काय ढोसलं, ते कोणी विचारत नाही.

त्या गावात लिएन नावाची मुलगी. रेशमाचे किडे पाळायची. हातानं चपळ, जिभेनं त्याहून चपळ! तिचं ताओ नावाच्या नावाड्याशी ठरलं. ठरलं म्हणजे — दोघांनी आपसातच ठरवलं हो! पण ताओची आई म्हणाली, "मुलगी चांगलीच आहे. पण एकदा फांगला दाखवून घेऊ."

झालं! तिघं फांगच्या दारात. सकाळचं स्वच्छ ऊन. लिएनला चौरंगावर बसवलं, केस मागे घ्यायला लावले. फांग न्याहाळायला लागला. "कपाळ उत्तम... कान भाग्याचे..." होणाऱ्या सासूबाई खूश! मग नजर उतरली गालांवर. फांगनं मोठा उसासा सोडला.

"गाल उंच आहेत. तीन वर्षांत नवरा जाईल."

लिएनला पुढचं सगळं दिसलं. संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार, आणि मग ताओच काय, कोणीच तिला पत्करणार नाही! तिनं ताओकडे बघितलं. ताओ कसा? भर पुरात नाव घालणारा गडी! आणि आता? आईच्या पाठीमागे उभा राहून अंगठ्यानं जमीन उकरतोय! सासूबाई म्हणाल्या, "चल रे घरी."

तेवढ्यात आतून फांगची आई चहा घेऊन आली. ऐंशीची म्हातारी. रोज आणायची, फांग वर न बघता पेला उचलायचा. आज तिनं दुसरा पेला लिएनपुढे धरला, "घे गं पोरी," आणि वाकली. ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर. लिएननं वर बघितलं, आणि मंडळी, पोरगी रडायचंच विसरली!

"आजी, तुमचे यजमान कधी गेले हो?"

"जातायत कुठले! आत बसलेत. सकाळपासून तीनदा भांडण झालंय आमचं."

लिएन ताडकन उठली. म्हातारीला हाताला धरून चौरंगावर बसवलं. "फांगकाका, आणखी एक चेहरा वाचा. दक्षिणा माझी!"

फांग हसत वळला — आणि हसू तिथंच आटलं. गाल उंच! लिएनपेक्षाही उंच! आता काय करतो बिचारा? शास्त्र खरं म्हणावं तर बाप साठ वर्षांपूर्वीच मेला पाहिजे, आणि बाप आतून बोंबलतोय, "अगं, भात टाकलास का? उपाशी मारतेस काय मला?"

फांग पुटपुटला, "आई, तू कधी बोलली नाहीस..."

"घर तुझ्या धंद्यावर चालायचं रे, म्हणून गप्प बसले. तीस वर्षं आतून ऐकतेय मी, पोरीमागून पोरी रडत जातात. रोज चहा आणते. म्हटलं, आज तरी हा वर बघेल. साऱ्या गावाची तोंडं वाचलीस, माझं तेवढं राहिलं. त्या पोरींचं पाप तुझ्याइतकंच माझंही आहे बाबा."

फांगला तोंड वर करवेना. आणि मग कोण बोललं? ताओ! आईला बाजूला सारून म्हणाला, "मला हिच्याशीच लग्न करायचंय. खायचं तर खाऊ दे मला!"

लिएन म्हणाली, "अगं बाई! तोंड आहे म्हणायचं तुला!"

लग्न झालं. आणि फांग? ज्या ज्या पोरींना त्यानं रडवलं होतं, त्यांची दारं शोधत फिरला. काहींनी दार उघडलं, काहींनी तोंडावर आपटलं. बरोबरच केलं!

आता मंडळी, फांगला पोटभर हसलात. मग एक साधं सांगा. तुमच्या आईच्या चेहऱ्यावर तीळ आहे? कुठल्या गालावर — उजव्या की डाव्या? ... का हो, आता माना हलेनात? माझ्या आईच्या भुवईत एक व्रण होता. मला तो ती गेल्यावर दिसला, फोटोत. कसा झाला, ते विचारायला आता कोणी नाही.

पेटीवाले, थांबवा जरा. तुमच्यातल्या कितीकांच्या आया पलीकडे बायकांत बसल्यात. वळा. नीट बघून घ्या. मी थांबतो.